कार्नोचें शेवटचें पान

मासिकांच्या परीक्षणाच्या पृष्ठांत पाठ्यपुस्तकांस सहसा जागा मिळत नाहीं. कादंबरी, काव्यसंग्रह, चरित्र यांस आम्ही पानेंच्या पानें देतों. परंतु ज्या पुस्तकांवर आमच्या घरांतील मुलामुलींचीं तीन-चार वर्षें खर्ची पडतात, त्यांची भाषा कशी आहे, त्यांतील विचार कोणत्या क्रमानें मांडला आहे, आणि तीं वाचकाकडून कशाची अपेक्षा करतात, हें पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. पाठ्यपुस्तक हें जणूं पुस्तकच नव्हे. तें एक हत्यार, परीक्षा झाली कीं रद्दींत घालावयाचें. ही समजूत आम्हांस घातक वाटते. मनुष्य कोणत्या रीतीनें विचार करूं लागतो, हें ललित वाङ्मयापेक्षां त्यानें विसाव्या वर्षीं घोकलेल्या पुस्तकांवर अधिक अवलंबून असतें. म्हणून आज आम्ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस ज्या विषयाची सर्वांत अधिक धास्ती वाटते, त्या ऊष्मागतिकीच्या पुस्तकांचा विचार करणार आहों.

ऊष्मागतिकी म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या परस्पर देवघेवीचें शास्त्र. लांकूड, कोळसा किंवा तेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेंतून चाक फिरविण्याचें काम किती काढतां येईल, आणि किती उष्णता कांहीं केलें तरी वाया जाणार, हा त्याचा मूळ प्रश्न. वाफेचें इंजिन, मोटार, बर्फाचा कारखाना, वीजकेंद्र, घरांतील शीतकपाट आणि चूल हीं सारीं त्याच्याच अंमलाखालीं येतात. वर्ध्यासारख्या जिल्ह्यांतून दरवर्षीं शेंकडों मुलेंमुली हा विषय घेतात. त्यांची आमच्याकडे एकच तक्रार येते: 'सर, थिअरी समजते, पण गणितें सुटत नाहींत.' पुष्कळ वर्षें ही तक्रार ऐकल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, वस्तुस्थिति बरोबर याच्या उलट आहे. गणितें सुटतात, शास्त्र समजत नाहीं.

आधीं या पुस्तकांचे गुण सांगणें न्यायाचें होईल. आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हातीं बहुधा पी. के. नाग यांचा १९८१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ असतो. अलीकडे त्याच्या जोडीस सेंगेल आणि बोल्स यांचा, १९८९ सालीं निघालेला, भरघोस अमेरिकन ग्रंथहि येऊं लागला आहे. नागांचें लेखन आटोपशीर आहे. व्याख्या रेखीव असतात, एका प्रकरणांतून दुसरें प्रकरण सरळ निघतें, आणि उपलब्ध ऊर्जेचा विषय त्यांनीं एका स्वतंत्र प्रकरणांत बांधून दिला आहे, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. सेंगेल यांची रीत गप्पा मारणाऱ्या मास्तरांची आहे. चहाचा पेला, सायकलचा पंप, घरांतील पंखा अशा वस्तूंपासून ते आरंभ करतात. दोन्ही ग्रंथांत सोडवून दाखविलेलीं उदाहरणें विपुल आहेत. ज्यानें तीं मनापासून सोडविलीं, तो परीक्षेंत सहसा नापास होत नाहीं.

उणीव आहे ती या किंवा त्या लेखकाची नसून या जातीच्या सर्व पुस्तकांची आहे, आणि ती गणिताच्या घडणींतच आहे. अशा पुस्तकांतील एखादें नमुनेदार गणित डोळ्यांपुढें आणावें. घर्षणरहित दट्ट्या असलेल्या नळकांड्यांत अमुक किलो वाफ आहे. तिचा दाब इतका, तापमान इतकें. ती अमुक रीतीनें प्रसरण पावते. तर कार्य किती? येथें विचाराचें जेवढें काम होतें, तेवढें सारें लेखकानें आधींच उरकून ठेवलें आहे. कोणती वस्तु विचारांत घ्यावयाची, तिची सीमा कोठें, सीमेंतून काय आंत येतें व काय बाहेर जातें, कशाकडे दुर्लक्ष केलें तर चालेल, आणि मुळांत शोधावयाचें काय, हीं पांचहि उत्तरें प्रश्नांतच देऊन ठेवलेलीं. विद्यार्थ्याकडे उरलें तें कोष्टकांतून आंकडे काढून सूत्रांत घालण्याचें काम. आणि शेवटीं उत्तर जुळलें कीं नाहीं, हें पहावयास पुस्तकाचें मागील पान आहेच. जगांतील कोणताहि खरा प्रश्न इतका धुतल्या तांदळासारखा आमच्यापुढें येत नाहीं, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि मागल्या पानावर छापलेलें नसतें.

याचा परिणाम कसा होतो, तें एका अनुभवावरून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका तोंडी परीक्षेंत एक हुशार मुलगा आमच्यापुढें बसला होता. लेखी परीक्षेंत शीतकपाटाचें गणित त्यानें निर्दोष सोडविलें होतें. आम्हीं विचारलें, 'मे महिन्यांत तुझ्या खोलींतला कूलर खोली गार करतो. तोच कूलर जुलैमध्यें कां करीत नाहीं?' मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'सर, यांत सूत्र कोणतें लावायचें?' आम्हीं दुसरा प्रश्न घातला: 'खोलीचीं दारेंखिडक्या घट्ट लावून शीतकपाटाचें दार उघडें टाकलें, तर खोली गार होईल कीं गरम?' तो लगेच म्हणाला, 'गार होईल, सर.'

वर्ध्याच्या उन्हाळ्यांत वाढलेल्या मुलाला पहिल्या प्रश्नाचें उत्तर अंगानें ठाऊक असतें. फक्त त्याचा पुस्तकाशीं संबंध आहे, असें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. मे महिन्यांतल्या दुपारीं हवा ४४ अंश सेल्सियस असली आणि तिची आर्द्रता शेंकडा १५ असली, तर ओलें फडकें गुंडाळलेला तापमापक सुमारें २३ अंश दाखवील. कूलरच्या वाळ्याच्या पडद्यांतून येणारी हवा या आंकड्याच्या खालीं जाऊं शकत नाहीं, पण त्याच्या बरीच जवळ जाते. कारण एक किलो पाण्याची वाफ होतांना सुमारें २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती त्या हवेंतूनच घेतली जाते. जुलैंत हवा ३० अंश व आर्द्रता शेंकडा ८५ असली, तर तेंच फडकें २८ अंशांवर अडतें. मिळून दोनच अंशांची कमाई. आणि दमटपणा वाढला तो निराळाच. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तर याहून सोपें. सीमा शीतकपाटाभोंवतीं न आंखतां खोलीच्या भिंतींवरून आंखावी. मग दिसतें कीं, आंत येते ती फक्त तारेंतून येणारी वीज, आणि बाहेर कांहींच जात नाहीं. तेव्हां खोली तापणार, दुसरें काय होणार? येथें एकहि सूत्र लागलें नाहीं. रेघ कोठें ओढावी एवढेंच कळावयास हवें होतें. तें त्या मुलाला येत नव्हतें, आणि दोष त्याचा नव्हता. रेघ ओढून दिलेलींच गणितें आम्हीं त्याच्यापुढें ठेवलीं होतीं.

आतां या शास्त्राच्या पहिल्या पुस्तकाकडे वळूं. सादी कार्नो या तरुण फ्रेंच लष्करी इंजिनिअरनें 'अग्नीच्या चालकशक्तीविषयीं विचार' या अर्थाच्या नांवाचें एक छोटें पुस्तक १८२४ सालीं पॅरिस येथें पदरमोड करून छापलें. त्या वेळीं त्याचें वय अठ्ठावीस होतें. प्रती सहाशें, पानें सव्वाशेंहून कमी. पुस्तकाची दखल जवळजवळ कोणीं घेतली नाहीं. आठ वर्षांनीं, १८३२ मध्यें, तो पटकीनें वारला. पुढें १८३४ सालीं क्लापेरों यानें तें विस्मृतींतून वर काढलें, आणि त्यानंतर केल्व्हिन व क्लॉझियस यांनीं त्याच्या पायावर आजचें शास्त्र उभारलें. २०२४ मध्यें या पुस्तकास दोनशें वर्षें झालीं. आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत कार्नोचें चक्र, कार्नोचें इंजिन, कार्नोची कार्यक्षमता यांचा उल्लेख येतो. परंतु ज्यानें कार्नोचें पुस्तक उघडून पाहिलें आहे असा विद्यार्थी आम्हांस विरळाच भेटला. विद्यार्थीच कशाला, आम्ही स्वतः चाळिशी उलटेपर्यंत तें पाहिलें नव्हतें, हें येथें कबूल करतों.

पुस्तक उघडल्यावर पहिली आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्यांतील बीजगणित तळटीपांत आहे. मुख्य मजकूर साध्या गद्यांत चालतो. लेखकाच्या भावानें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, हस्तलिखितांतील कांहीं भाग सादी त्याला वाचावयास देई. दुसऱ्या विषयांत गुंतलेल्या माणसासहि तें समजतें कीं नाहीं, याची त्यास खात्री करून घ्यावयाची होती. शास्त्रीय ग्रंथाच्या लेखकानें एवढी काळजी घ्यावी, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तककारांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

दुसरें आश्चर्य असें कीं, त्याची उष्णतेची कल्पना चुकीची होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणें उष्णता हें एक न आटणारें सूक्ष्म द्रव्य आहे, असें धरून तो चालला. पाणी उंचावरून खालीं पडतांना चक्की फिरवितें, तशी उष्णता तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे 'पडतांना' इंजिन फिरविते, अशी त्याची उपमा. पाण्याप्रमाणें उष्णताहि खालीं पूर्ण पोहोंचते हें त्यांतील गृहीत खोटें ठरलें. त्याच्या मागें राहिलेल्या टिपणांवरून त्याला स्वतःलाहि तसा संशय आला होता, असें दिसतें. परंतु त्यानें विचारलेला प्रश्न इतका नेमका होता कीं, गृहीत कोसळलें तरी निष्कर्ष उभा राहिला: यंत्र कोणतेंहि असो, त्यांत वाफ असो वा हवा, त्याची कमाल मर्यादा ठरते ती केवळ दोन तापमानांवरून. आधीं सूत्र आणि मग प्रश्न असा त्याचा क्रम नाहीं. आधीं प्रश्न, मग चित्र, मग तर्क, आणि सर्वांत शेवटीं तळटिपेंत आंकडा.

त्या मर्यादेचा अर्थ आमच्या जिल्ह्यांतील उदाहरणावरून पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें रेल्वे आली आणि हिंगणघाट व पुलगांव येथें कापसाच्या धंद्याबरोबर वाफेचीं इंजिनें आलीं. समजा, अशा एका इंजिनास १८० अंशांची वाफ मिळते आणि कंडेन्सर ४० अंशांवर आहे. निरपेक्ष मोजमापानें हीं तापमानें ४५३ व ३१३. कार्नोच्या नियमानें शंभर भाग उष्णतेंतून फार तर ३१ भाग काम निघेल. उन्हाळ्यांत पाणी तापलें आणि कंडेन्सर ५० अंशांवर गेला, तर तीच मर्यादा २९ च्याहि खालीं येते. मालकानें इंजिनवाल्यास कितीहि धारेवर धरलें तरी ती ओलांडतां येत नाहीं. आणि त्या काळचें खरें इंजिन या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतहि क्वचितच पोहोंचे. विद्यार्थी हें गणित दोन मिनिटांत करतो. आमचा आक्षेप त्यास नाहीं. आक्षेप आहे तो यास कीं, कार्नोचें पुस्तक या आंकड्यापाशीं संपलें अशी समजूत करून देऊन आम्ही त्याला वर्गाबाहेर सोडतों.

तें तेथें संपत नाहीं. अगदीं शेवटच्या पानावर, साऱ्या सिद्धांताची इमारत उभी केल्यावर, कार्नो सांगतो कीं, जळणाची काटकसर ही उष्णतेच्या यंत्राची एक अट झाली. ती एकमेव अट नव्हे. पुष्कळ वेळां तिला दुय्यम स्थान द्यावें लागतें. यंत्र सुरक्षित असावें, मजबूत असावें, टिकाऊ असावें, त्यानें जागा थोडी व्यापावी, तें बसविण्याचा खर्च बेताचा असावा, यांपुढें काटकसरीला अनेकदां मान तुकवावी लागते. कोणत्या प्रसंगीं कोणत्या गोष्टीस किती महत्त्व द्यावें, हें तारतम्य ज्याला आहे, तोच खरा यंत्रज्ञ, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्या मनुष्यानें कार्यक्षमतेची अंतिम मर्यादा शोधून काढली, त्यानेंच त्या शोधाच्या शेवटीं, कार्यक्षमता म्हणजे सर्व कांहीं नव्हे, असें बजावून ठेवावें! आमच्या पाठ्यपुस्तकांनीं त्याचें चक्र घेतलें, सूत्र घेतलें, आणि हें पान तेवढें गाळलें.

या गळालेल्या पानाची किंमत काय, हें समजून घेण्यास वर्ध्याइतकें योग्य ठिकाण नाहीं. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ येथें स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत त्याचें ठाणें पडलें, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेचें नांव मगनवाडी झालें. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय आजहि तेथें पाहावयास मिळतें. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे शिक्षणानें हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्रज्ञ. ऊष्मागतिकीचे पंडित नव्हत. तरीहि कोळसा-तेल यांसारख्या सांठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि लांकूड, पाणी, जनावरांचें बळ यांसारख्या वाहत्या साधनांवर जगणारी अर्थव्यवस्था, असा जो भेद त्यांनीं केला, त्यांत या शास्त्राचा गाभा आहे. सीमा कोठें आंखावी आणि तिच्या आंत पुन्हां भरून येणारें काय व एकदांच खर्च होणारें काय, हें पाहण्याची दृष्टि त्यांच्याजवळ होती. याच मगनवाडींत रॉकेलऐवजीं गोडेतेलासारख्या वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला, आणि १९४७ च्या सुमारास 'मगनचूल' ही मातीची, धुराड्याची, एका जाळावर अनेक भांडीं चढविणारी चूल पुढें आली. आपल्या देशांतील सुधारलेल्या चुलींचा इतिहास लिहिणारे आरंभ बहुधा येथूनच करतात. पुढें १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली, आणि त्यांतील पुष्कळशा थोड्याच वर्षांत बाजूला पडल्या.

कां पडल्या? पाठ्यपुस्तकांतील कोणत्याहि गणितापेक्षां या प्रश्नांत ऊष्मागतिकी अधिक आहे. एक किलो वाळलेल्या लांकडांत सुमारें १६,००० किलोज्यूल उष्णता असते. जुन्या चुलींत त्यांतील दहावा हिस्सा भांड्याला मिळाला असें धरूं. म्हणजे १,६०० किलोज्यूल, अर्थात् पांच लिटर पाणी उकळीस आणण्यापुरती उष्णता. बाकीची गेली कोठें? आतां धुराडें बसविलें. धूर बाहेर गेला हें उत्तम झालें. पण धुराडें धुराबरोबर हवाहि ओढतें. एक किलो लांकडास जळण्यापुरती सुमारें सहा किलो हवा लागते. धुराड्याची झडप सैल राहिली आणि तिप्पट हवा ओढली गेली, तर अठरा किलो हवा नि एक किलो लांकूड मिळून एकोणीस किलो वायु तापून बाहेर पडणार. तो ३०० अंशांवर बाहेर पडला, तर बाहेरच्या ३० अंशांच्या हिशेबानें सुमारें ५,१०० किलोज्यूल, म्हणजे जळणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, कौलांवरून आकाशांत गेला. शिवाय चुलीची माती. तिचें वजन १०० किलो धरलें आणि ती सरासरीनें ५० अंशांनीं तापली, तर ४,५०० किलोज्यूल तीच पिऊन बसते. लग्नघरच्या स्वयंपाकांत, जेथें चूल दिवसभर पेटलेली असते, हा तोटा जाणवणार नाहीं. सकाळच्या दोन कप चहासाठीं पेटविलेल्या चुलींत मात्र तो सारें गिळून टाकील. पाठ्यपुस्तकांतील 'स्थिर अवस्था गृहीत धरा' हे चार शब्द किती महाग पडूं शकतात, हें येथें दिसतें.

पण हाहि हिशेब अपुरा आहे. आर्वी तालुक्यांतील आमच्या गांवच्या घरीं एकदां अशीच धुराड्याची चूल बसविली होती. आईची जुनी चूल मातीचीच, पण तिला बाजूस वैल होती. जाळावर भाकर, निखाऱ्यांना टेकवून तिला फुगवावयाचें. चुलीकडून वैलीकडे जाणाऱ्या शिळ्या आंचेवर वरण शिजत असे. आणि शेवटीं राखेजवळ पाण्याचें भांडें. जळणास पऱ्हाटी नि तुराटी. नवी चूल आली, आणि तिच्या अरुंद तोंडांत निखाऱ्यांना भाकर टेकवितां येईना, लांब पऱ्हाटी मोडल्याशिवाय शिरेना. आई म्हणाली, 'धूर गेला रे बाबा, पण भाकरहि गेली.' दोन पावसाळ्यांनंतर धुराडें काजळीनें बुजलें, आणि एके दिवशीं शेजारीं जुनी चूल पुन्हां मांडली गेली. तिच्याबरोबर धूरहि परत आला. तो आईच्या डोळ्यांत आणि छातींत शेवटपर्यंत राहिला.

आम्ही तेव्हां महाविद्यालयांत ऊष्मागतिकीच शिकवीत होतों. नवी चूल कां हरली, हें सांगण्याचें शास्त्र आमच्या हातीं होतें, आणि आम्हांस तें दिसलें नाहीं. आमच्या डोक्यांत प्रश्न एकच होता: कार्यक्षमता शेंकडा किती? आईच्या स्वयंपाकघरांत प्रश्न चार होते: धूर, भाकर, पऱ्हाटी आणि धुराडें साफ कोणीं करावयाचें. कार्नोचें शेवटचें पान आम्हीं तेव्हां वाचलेलें असतें, तर एवढें तरी समजलें असतें कीं, धूर बाहेर जाण्यासाठीं थोडें जळण अधिक लागलें तरी तो सौदा खोटा नव्हे. आणि त्याच न्यायानें, भाकर न होणारी चूल ही आंकड्यांत कितीहि सरस असली तरी चूलच नव्हे. महाराष्ट्रांत पुढें साच्यांवरून बनविलेल्या 'लक्ष्मी' चुलींसारखे जे प्रयत्न झाले, त्यांत मापें न बिघडण्याची काळजी घेतलेली होती. शहाणपण येत गेलें, पण सावकाश. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस पुष्कळ घरांत पोहोंचला, तरी शेतांत फुकट पडलेली पऱ्हाटी आणि विकत आणावें लागणारें सिलिंडर यांचा हिशेब बायका रोज मांडीतच असतात. तोहि ऊष्मागतिकीचाच प्रश्न आहे. मात्र त्याची सीमा घरखर्चाच्या वहीवरून जाते.

आणि ती वैल! उपलब्ध ऊर्जेच्या प्रकरणांत जें सांगितलें आहे, तें वैलीपाशीं बसून पांच मिनिटांत समजावें असें आहे. निरपेक्ष मोजमापानें १,००० अंशांवर असलेल्या जाळाच्या उष्णतेंत, भोंवतालची हवा ३०३ अंशांवर धरल्यास, शंभरापैकीं सुमारें ७० भाग काम करण्याची ताकद असते. तीच उष्णता आंघोळीच्या ४० अंशांच्या पाण्यांत उतरली कीं ही ताकद जेमतेम ३ भाग उरते. उष्णता तेवढीच, तिची प्रत मात्र उतरली. ज्या बाईनें प्रखर जाळ भाकरीला दिला, मध्यम आंच वरणाला दिली आणि राखेची ऊब पाण्याला दिली, तिनें उष्णतेची प्रत ओळखून ती वांटली. तिला एंट्रॉपी हा शब्द ठाऊक नव्हता. क्लॉझियसनें तो बनविला १८६५ मध्यें. आम्हांस शब्द ठाऊक होता, आणि वैल दिसली नाहीं.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, 'सूत्रें आणि कोष्टकें हातांत बसल्याशिवाय विचार कशाचा करणार? गायकाला आधीं पलटे घोटावे लागतात.' हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. वर केलेला चुलीचा हिशेबहि तीं गणितें घोटलेली असल्यामुळेंच करतां आला. गणितें कमी करा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जन्मभर पलटेच घोटून घेणारा गुरु शिष्याला मैफलींत बसूं देत नाहीं, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं तीस बंद गणितांबरोबर एक तरी उघडें गणित असावें. त्यांत आंकडे दिलेले नसावेत, सीमा आंखलेली नसावी, आणि उत्तर मागील पानावर नसावें. विद्यार्थ्यानें आधीं कागदावर वस्तूचें चित्र काढून तिच्याभोंवतीं रेघ ओढावी. रेघ ओलांडून काय येतें-जातें तें शब्दांत लिहावें. निसर्गानें घातलेली कमाल मर्यादा कोणती तें पाहावें. हें सारें कोणासाठीं व कशासाठीं चाललें आहे तें विचारावें. आणि मग कोष्टकांचें पुस्तक उघडावें. आंकडा अंदाजानें दहांच्या पटींत बरोबर आला तरी पुरे. अशा एका गणितास एक आठवडा लागेल, आणि परीक्षेंत त्यास गुण कसे द्यावे हा प्रश्नहि पडेल. तो प्रश्न सोडविणें हें आम्हां शिक्षकांचें गणित आहे, आणि आजवर आम्हीं तें टाळलें आहे.

या विचारास सध्यां एक निकडीचें कारणहि आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीचें शिक्षण मराठींतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची अनुमति मिळाली आहे, आणि पुस्तकें मराठींत येऊं लागलीं आहेत. आम्हांस याचा आनंद वाटतो. पण इंग्रजी पुस्तकांतील तेंच नळकांडें नि तोच घर्षणरहित दट्ट्या मराठी प्रत्यय लावून उतरविला, तर मिळविलें काय? 'सिस्टीम' ची 'प्रणाली' केल्यानें ती विद्यार्थ्यास आंखतां येऊं लागत नाहीं. मराठी पुस्तकाचा खरा लाभ व्हावयाचा तर त्यांत माठ यावा, वाळ्याचा कूलर यावा, गुऱ्हाळाची भट्टी यावी, सरकी काढणाऱ्या कारखान्याचें इंजिन यावें, आणि वैल यावी. हीं उदाहरणें गांवठी म्हणून घ्यावयाचीं नाहींत. त्यांच्या सीमा कोणीं आधीं आंखून दिलेल्या नाहींत, म्हणून तीं घ्यावयाचीं. आणि कार्नोचें तें सव्वाशें पानांचें पुस्तक तळटिपांसह मराठींत कोणीं उतरविलें, तर तें शास्त्राच्या विद्यार्थ्याइतकेंच या मासिकाच्या वाचकांसहि वाचवेल, अशी आमची खात्री आहे. स्वच्छ गद्य कसें असावें याचा तो एक वस्तुपाठच आहे.

तोंवर आमच्या वर्गापुरता आम्हीं एक नियम केला आहे. ऊष्मागतिकीचा पहिला तास आतां आम्ही कार्नोच्या चक्रापासून सुरू करीत नाहीं. त्या तासाला त्याच्या शेवटच्या पानाचा आशय मुलांना सांगतों, आणि घरीं जाऊन आई किंवा आजी ज्या चुलीवर, शेगडीवर वा गॅसवर स्वयंपाक करते, तिच्याभोंवतीं रेघ ओढून आणावयास सांगतों. पहिल्या वर्षीं बहुतेक सर्वांनीं रेघ भांड्याभोंवतीं ओढली, कांहींनीं चुलीभोंवतीं ओढली. एका मुलीनें ती स्वयंपाकघराच्या भिंतींवरून ओढली होती, आणि आंत, चुलीपुढें, बसलेली बाईहि काढली होती. आम्हीं तिला पैकींच्या पैकीं गुण दिले.